अळसांद्याचे पोषक वाण निवडायचे तर: शेंगेपासून टोपापर्यंत

गोव्यात सरदी, म्हणजे पावसाळी भाताची कापणी संपत आली की अळसांद्याच्या, म्हणजे आपल्या टपोऱ्या गावठी चवळीच्या पेरणीआधी मला तीन-चार तरी फोन येतात. समोरच्याच्या हाती प्रयोगशाळेचा अहवाल असतो, त्यात लोह १४०, कधी १८० पीपीएम असते, आणि प्रश्न ठरलेला असतो: "हेच बी वाढवू ना?" साध्या चवळीत, म्हणजे आपल्या अळसांद्याच्याच जातीत, लोह साधारण ५० ते ६० पीपीएम असते. पीपीएम म्हणजे किलोमागे तेवढे मिलिग्रॅम. मुद्दाम पैदास करून काढलेल्या पंत लोबिया-२ या वाणात ते १०० च्या आसपास आहे. मग परड्यातल्या मूठभर गावठी बियांत १८० आले, तर ते बहुधा दाण्यातले लोह नसते. ती दाण्यावर बसलेली तांबडी माती असते.

मी स्वतः यात दोन हंगाम घालवले आहेत. पेडण्यातल्या एका शेतातल्या रोपांपैकी १७ नंबरचे रोप लोहात सगळ्यांच्या वर निघाले. त्याचे बी वाढवले, ओळी लावल्या, पुन्हा तपासले, तर आकडा इतरांच्या बरोबरीने खाली. नकाशा काढून बघितला तेव्हा लक्षात आले की १७ नंबर बांधाच्या कडेला होते आणि बांधापलीकडच्या कच्च्या रस्त्यावरून दिवसभर टिपर जात होते. शेंगा त्या धुळीतच वाळल्या होत्या. पोषणासाठी पैदास करताना बहुतेकांची वाट चुकते ती शेतात किंवा संकरात नव्हे, नमुना घेताना. म्हणून खालच्या टप्प्यांत त्या भागावर जास्त लिहिले आहे.

टप्पा १: काय वाढवायचे ते आधी कागदावर लिहा

"पौष्टिक वाण" हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. लोह, जस्त, प्रथिने, लवकर शिजणे, टरफलातला तुरटपणा कमी असणे, यांतले एक मुख्य आणि एक दुय्यम ठरवा. गोव्यासाठी माझे मत विचाराल तर मुख्य लोह आणि दुय्यम शिजण्याचा वेळ. जस्ताची वेगळी काळजी बहुधा करावी लागत नाही. कडधान्यांत लोह आणि जस्त बऱ्याचदा एकत्रच वाढतात, त्यामुळे लोहासाठी निवड करताना जस्तही थोडे वर सरकते.

प्रथिनांच्या मागे लागू नका. चवळीत ती २० ते २५ टक्के आहेतच. त्यांत लायसिन भरपूर आणि मेथिओनिन कमी असते, भाताचे नेमके उलट. शीत (भात) आणि अळसांद्याचे तोणाक (मसाल्याचा रस्सा) एका ताटात आले की ही उणीव आपोआप भरते. शिवाय प्रथिने वाढवायला गेले की उत्पन्न खाली येण्याचा धोका असतो.

लक्ष्य वास्तवातले ठेवा. राजम्यात जगभरच्या पैदासकारांनी लोहाचा ५० पीपीएम पाया धरून ९४ चे लक्ष्य ठेवले, आणि तिथे पोचायला त्यांना मोठ्या संस्था आणि बरीच वर्षे लागली. गावठी अळसांद्यात निवडीने ५५ वरून ७० गाठले, तरी ते मोलाचे काम आहे.

आणि जे गमवायचे नाही तेही लिहून ठेवा: टपोरा दाणा, चव, भात कापल्यावरच्या ओलीवर येण्याची ताकद. बारीक दाण्याचा लोहयुक्त अळसांदा पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजारात कुणी उचलणार नाही, आणि जो विकला जात नाही तो कुणाच्या पोटातही जात नाही.

टप्पा २: बी गोळा करा, पण मिसळू नका

आपले गावठी वाण म्हणजे एक वाण नव्हे. एकाच घरच्या बियांत पांढरट, तपकिरी, लालसर, ठिपक्यांचे असे दाणे मिळतात. ही विविधताच तुमचे भांडवल आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, काणकोण अशा वेगवेगळ्या भागांतून किमान २५-३० घरांचे बी घ्या. प्रत्येक घरचे पाकीट वेगळे. त्यावर गाव, शेताचा प्रकार म्हणजे मोरड (उंचावरचे), खेर (रेताड) की खाजनाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या शेताच्या) कडेचे, बी किती वर्षे घरात आहे, आणि ते कसे शिजते, एवढे लिहा.

शेवटची माहिती पुरुषांना सहसा नसते, घरातल्या बाईला विचारा. एका काकींनी सुपातले बी पाखडता पाखडता दहा-बारा दाणे बाजूला सारले आणि म्हणाल्या, "बाय, हे वेगळे ठेव. हे रात्रभर भिजले तरी दगड राहतात." डोळ्यांना ते दाणे इतरांसारखेच दिसत होते. भिजत घालून बघितले तर खरोखर त्यांतले बरेचसे फुगले नाहीत.

बाजारातून बी घेणार असाल तर विकणारीला ते स्वतःच्या शेतातले आहे का, हे विचारा. घाटावरून आलेली चवळी अळसांदे म्हणून विकली जाते.

सावधान: एका घरच्या बियांतले रंग वेगळे करताना उरलेले बी फेकू नका. प्रत्येक घरच्या मूळ मिश्रणातले थोडे बी हवाबंद बरणीत ठेवून द्या. पुढे काही बिघडले तर परत जाण्याची जागा तीच आहे.

टप्पा ३: शेत सारखे करा

दाण्यात किती लोह येते हे झाडाच्या वाणावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच मातीवरही. एका वाफ्यातली माती ओली आणि दुसऱ्यातली कोरडी असेल तर तुम्ही वाणांची नव्हे, वाफ्यांची तुलना कराल.

१. पेरणीआधी मातीचा सामू (पीएच) आणि उपलब्ध जस्त तपासून घ्या. आपली जांभ्याची माती आम्ल असते, स्फुरद धरून ठेवते, आणि जस्त बऱ्याच ठिकाणी कमी पडते. उपलब्ध जस्त ०.६ पीपीएमच्या खाली असेल तर सगळ्या वाफ्यांना सारखे झिंक सल्फेट द्या. सामू ५.५ च्या खाली असेल तर चुनाही सगळीकडे सारखा.

२. रायझोबियमची (मुळांवर हवेतला नत्र बांधणाऱ्या जिवाणूंची) प्रक्रिया करायची तर सगळ्या बियांना करा, नाहीतर कुणालाच नको. युरियाची मूठ एखाद्या पिवळ्या ओळीला वेगळी टाकायची नाही. त्या मुठीने त्या ओळीची प्रथिने वाढतील आणि तुमची फसवणूक होईल.

३. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवा. दाट पेरलेल्या ओळीतल्या रोपांचे दाणे बारीक राहतात आणि त्यांचे आकडे गोंधळात टाकतात.

४. दर दहा ओळींनंतर एकच ओळखीचे बी पुन्हा पुन्हा पेरा. ही तुमची तुलनेची ओळ. त्या ओळींचे आकडे आपसात जितके हलतील, तितका तुमच्या शेतातला फरक. त्यापेक्षा कमी फरकाने एखादी ओळ पुढे असेल तर ती पुढे नाही, असे समजा.

५. रस्त्याकडेच्या आणि बांधाकडेच्या दोन ओळी चाचणीत धरू नका. तिथे भरतीचे बी पेरा. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथल्या खाणपट्ट्यात शेत असेल तर हे अंतर आणखी वाढवा.

पडताळा: पेरणीच्या दिवशीच शेताचा नकाशा वहीत काढा आणि ओळींचे नंबर त्यावर टाका. खुंटीवरचे लेबल उन्हाने आणि गुरांनी जाते, वही राहते.

टप्पा ४: शेंग तोडण्यापासून पाकिटापर्यंत

हा टप्पा घाईने केला तर पुढचे सगळे फुकट. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियम दोन्ही भरपूर असतात. दाण्यातल्या लोहाचे प्रमाण लाखात पाच-सहा भाग इतके थोडे, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारी धूळही आकडा दुप्पट करू शकते.

झाडावर वाळलेली शेंग हातानेच तोडायची, उन्हाचा पहिला चटका बसायच्या आत, म्हणजे ती तडकत नाही. जमिनीला टेकलेली, चिखल लागलेली शेंग नमुन्यात घ्यायची नाही. ती बियाण्यासाठी वेगळी ठेवा. तोडलेल्या शेंगा कापडी पिशवीत न टाकता स्वच्छ कागदी पिशवीत टाका. कापडाच्या विणीत आदल्या वर्षाची धूळ बसलेली असते.

खळ्यावर झोडपायचे नाही. शेणाने सारवलेली जमीन म्हणजे तांबड्या मातीचा थर. घरात, टेबलावर कोरा कागद पसरून, धुतलेल्या कोरड्या हातांनी शेंगा सोला. रबरी हातमोजे वापरू नका, रबरात जस्ताचे संयुग असते. जस्ताच्या पत्र्याचे डबे आणि गंजकी चाळण याच कारणाने बाद. साधे पॉलिथिनचे हातमोजे चालतात.

सोललेले दाणे प्लास्टिकच्या गाळणीत घेऊन ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यातून दोन-चार सेकंद काढा आणि लगेच टिपकागदावर पसरा. नळाचे किंवा विहिरीचे पाणी नको, गोव्यात कितीतरी विहिरींच्या पाण्याला लोहाचा तांबूस रंग असतो. भिजत ठेवायचे तर मुळीच नाही, दाण्यातली खनिजे पाण्यात उतरतात. नंतर सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा, पाकिटावर पेन्सिलने नंबर टाका आणि तोच नंबर आतल्या चिठ्ठीवरही लिहा.

प्रयोगशाळेला देताना तीन गोष्टी विचारा. पहिली, दळणार कशात? लोखंडी किंवा स्टीलच्या पात्याच्या यंत्रात दळले तर पात्याचे लोह नमुन्यात येते. सिरॅमिक किंवा अगेट दगडाचे भांडे असेल तर उत्तम. दुसरी, लोहासोबत ॲल्युमिनियमही मोजून देणार का? वनस्पती दाण्यात ॲल्युमिनियम फारच थोडे साठवते. ते वर आले की नमुन्याला माती लागलेली होती, असे समजायचे. तिसरी, एक्सआरएफ, म्हणजे क्ष-किरणांनी मूलद्रव्ये मोजणारे यंत्र आहे का? त्यात दाणे न दळता मोजता येतात आणि तेच दाणे पेरताही येतात. एकेका रोपाचे बी थोडेच असते, तेव्हा हे फार उपयोगी पडते. आयसीपी किंवा अणुशोषण या पद्धतींत नमुना विरघळवून मोजतात, त्यात तो संपतो, म्हणून पाठवण्याआधी निम्मे बी घरी ठेवा.

सावधान: एकाच ओळीचे दाणे दोन वेगळ्या नंबरांनी पाठवा आणि प्रयोगशाळेला ते सांगू नका. दोन्ही आकडे जवळपास आले तर पुढचा अहवाल वाचण्यात अर्थ आहे. १० पीपीएमपेक्षा जास्त फरक आला तर त्या अहवालावरून काहीही निवडू नका.

टप्पा ५: आकडे नीट वाचा

अहवाल आल्यावर पहिली नजर लोहावर नव्हे, ॲल्युमिनियमवर. जिथे दोन्ही एकदम वर आहेत ते नमुने लाल शाईने खोडून पुन्हा घ्या. १७ नंबरच्या वेळी मी ॲल्युमिनियम मोजूनच घेतले नव्हते.

मग शंभर दाण्यांचे वजन शेजारी लिहा. समजा एका ओळीचे शंभर दाणे २० ग्रॅम भरले आणि लोह ६० पीपीएम. एका दाण्यात १२ मायक्रोग्रॅम लोह झाले. दुसऱ्या ओळीला पाणी कमी पडले, दाणे सुरकुतले, शंभराचे वजन १४ ग्रॅम आणि लोह ७५ पीपीएम. कागदावर दुसरी पुढे दिसते, पण एका दाण्यात लोह आले साडेदहा मायक्रोग्रॅम. म्हणजे त्या झाडाने लोह जास्त ओढले नाही, दाण्यात पिठूळ भागच कमी भरला. खाणाऱ्याच्या दृष्टीने ग्रॅममागचा आकडा महत्त्वाचा, हे बरोबर. पण पुढच्या वर्षी पाऊसपाणी नीट झाले की ही ७५ ची ओळ खाली येणार, हे निवड करणाऱ्याला आजच कळायला हवे.

फायटेटचा आकडा मिळाला तर तोही बघा, पण त्याच्या आहारी जाऊ नका. फायटेट म्हणजे दाण्यातला स्फुरदाचा साठा, आणि तो लोहाला बांधून ठेवतो. हिशोब असा: फायटेटचे मिलिग्रॅम भागिले ६६०, आणि लोहाचे मिलिग्रॅम भागिले ५६, या दोहोंचे गुणोत्तर. शंभर ग्रॅम दाण्यांत फायटेट ८०० आणि लोह ६ मिलिग्रॅम धरले तर ते ११ च्या पुढे जाते. लोह ९ केले तर साडेसातवर येते. लोह चांगले शोषले जायला ते १ च्या खाली हवे. केवळ पैदाशीने तिथे पोचता येत नाही. दाण्यातले फायटेट कमी करणे हे काम घरच्या पातळीवर हाती घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. रोप उगवताना त्याच फायटेटमधला स्फुरद वापरते, आणि राजम्यात कमी फायटेटच्या काही ओळी शिजायलाच कठीण निघाल्या होत्या. लोह पैदाशीने वाढवा, फायटेट भिजवून आणि मोड आणून कमी करा.

टप्पा ६: निवड करायची की संकर?

आधी निवड. गावठी मिश्रणातल्या एकेका रोपाचे बी वेगळे काढायचे, पुढच्या हंगामात त्याची ओळ लावायची, चांगल्या ओळी पुढे न्यायच्या. अळसांदा स्वपरागीकरण करतो, फूल उमलण्याआधीच त्यातले काम उरकलेले असते. परपरागीकरण साधारण ५ टक्क्यांच्या आत राहते. त्यामुळे एका रोपाचे बी बऱ्यापैकी एकसारखे निघते. तीन हंगामांत तुमच्या हाती काहीतरी भरवशाचे येते.

दोन वेगळ्या वाणांचे गुण एकत्र हवे असतील, आणि दोन्ही वाण किमान दोन हंगाम तपासलेले असतील, तरच संकराकडे वळा. बाहेरून लोहाचा दाता, म्हणजे जास्त लोहाचा गुण देणारे वाण, घ्यायचा तर पंतनगरच्या गोविंद वल्लभ पंत विद्यापीठाचे पंत लोबिया वाण आहेत. २००८ मध्ये आलेल्या पंत लोबिया-१ मध्ये लोह ८२ पीपीएम, तर २०१० च्या पंत लोबिया-२ मध्ये १०० पीपीएम नोंदले आहे. दाणा मात्र आपल्यापेक्षा बारीक. हे आकडे तिकडच्या मातीतले आहेत, म्हणून आपल्या शेतात एक हंगाम लावून आणि तपासून मगच दाता ठरवा. बी अधिकृत वाटेने मागवा आणि त्याची पावती जपून ठेवा, पुढे नोंदणीला लागते. जुने गोवे, एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत अळसांद्यावर काम झालेले आहे, तिथल्या तज्ज्ञांना आपला नकाशा आणि आकडे दाखवून मगच पुढे जा.

टप्पा ७: संकर, आदली संध्याकाळ आणि दुसरी सकाळ

लागणारे साहित्य थोडे आहे: बारीक टोकाचा चिमटा, शिवणाची सुई, स्पिरिट, रंगीत दोरा, लेबले आणि वही. आई म्हणून टपोऱ्या दाण्याचा गावठी अळसांदा घ्या, बाप म्हणून लोहाचा दाता. दोघांची फुले एकाच वेळी यायला हवीत, म्हणून दात्याची पेरणी आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा करा.

संध्याकाळी चार ते सहाच्या दरम्यान आईच्या झाडावर दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी शोधा. ती पूर्ण वाढलेली असते, हिरवा रंग जाऊन फिकट झालेली, पण घट्ट मिटलेली. आदल्या दोन-तीन सकाळी उमललेल्या फुलांच्या शेजारच्या कळ्या रोज न्याहाळल्यात तर हा रंग डोळ्यांत बसतो. पहिल्या दिवशीच संकर करायला बसू नका.

कळी अंगठा आणि तर्जनीत धरा. मोठ्या ध्वज पाकळीच्या कडा जिथे एकमेकींना मिळतात त्या रेषेवरून सुई फिरवा, पाकळीची एक बाजू अंगठ्याने मागे दाबून धरा. आत होडीसारखी नौका पाकळी दिसेल. तिला वरून हलका छेद द्या. आत दहा पुंकेसर असतात, नऊ जोडलेले आणि एक सुटा. मोजून दहाही काढा. मधली वाकडी, टोकाला केसाळ दांडी म्हणजे स्त्रीकेसर, तिला चिमटा लागता कामा नये. परागकोष फुटून पिवळी भुकटी दिसली तर उशीर झाला, ती कळी खुडून टाका. काम झाले की पाकळ्या परत मिटवा आणि जवळचे पान वर दुमडून टाचणीने अडकवा, म्हणजे आतला भाग सुकत नाही. त्याच दांडीवरच्या बाकीच्या कळ्या आणि कोवळ्या शेंगा काढून टाका.

सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान बापाचे नुकते उमललेले फूल तोडा. ध्वज पाकळी काढून नौका पाकळी खाली ओढली की परागकणांनी माखलेली दांडी बाहेर येते. तोच ब्रश. आईच्या कळीतल्या कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर तो हलकेच दोन-तीनदा टेकवा. दोरा बांधा, लेबलावर आई, बाप, तारीख लिहा. दुपारपर्यंत फुले मिटतात, त्यानंतर केलेले काम वाया जाते.

दहा कळ्यांमागे दोन-तीन शेंगा धरल्या तरी हात बसला असे समजा. पहिल्या आठवड्यात एकही धरत नाही, तेव्हा निराश होऊ नका. एका संकरासाठी रोज दहा कळ्या, असे आठ-दहा दिवस करावे लागते. शेंग पिकायला साधारण तीन आठवडे लागतात.

सावधान: चिमटा प्रत्येक कळीनंतर स्पिरिटने पुसा. आदल्या फुलाचा पराग चिमट्यावर राहिला तर संकर नव्हे, स्वफलन होते.

दाण्याच्या रंगाची चूक

संकराच्या शेंगेतला दाणा आईसारखाच दिसतो. मग "संकर झालाच नाही" म्हणून ते बी आमटीत गेल्याचे मी पाहिले आहे. टरफल हा आईच्या शरीराचा भाग आहे, बापाचा परिणाम त्याच्यावर दिसत नाही. आतल्या डाळिंब्या मात्र नव्या पिढीच्या असतात. टरफलाचा रंग, तुरटपणा आणि टरफलातले लोह या गोष्टी एक पिढी मागे चालतात. संकराच्या दाण्यापासून उगवलेल्या रोपावर जे दाणे येतील, त्यांच्या टरफलात त्या रोपाचा गुण दिसेल. संकर खरा की खोटा हे ओळखायचे तर बाप असा निवडा की त्याचा एखादा ठळक गुण रोपावरच दिसावा, जसे देठाचा किंवा फुलाचा जांभळा रंग, आणि तो आईत नसावा.

टप्पा ८: पिढ्या पुढे नेताना

संकराची पहिली पिढी एकसारखी असते, तिच्यातून निवडायचे काही नसते. ती एकदा गावठी अळसांद्याशी पुन्हा संकरित केली तर दाणा टपोरा राहण्याची शक्यता वाढते. ते एकदाच करा. लोह अनेक जनुकांवर अवलंबून असते. चार-पाचदा मागे वळून संकर केला की दाणा गावठी राहील, पण दात्याचे लोहही निघून जाईल.

पुढच्या पिढीत, जिथे सगळे गुण वेगळे होतात, किमान २०० रोपे लावा. इथे प्रत्येक रोपाचे लोह तपासण्यात पैसा घालू नका, एका रोपाच्या आकड्यावर मातीचा प्रभाव फार असतो. इथे डोळ्यांनी दिसते तेच निवडा: टपोरा दाणा, मोझॅक रोग नाही, माव्याला बळी पडलेले नाही, शेंगा एकदम पिकणाऱ्या. २०० मधून ३०-४० उरतील. त्यांच्या ओळी पुढच्या पिढीत लावा आणि लोहाची तपासणी तिथून सुरू करा. पिढीगणिक एकसारखेपणा वाढत जातो, दुसऱ्या पिढीत निम्मा, तिसऱ्यात ७५ टक्के, पाचव्यात ९४ टक्क्यांच्या जवळ. सहाव्या पिढीआधी "वाण तयार झाले" म्हणू नका आणि बी वाटू नका.

वर्षातून दोन पिढ्या घ्यायच्या तर नोव्हेंबरच्या पिकानंतर पाण्याची सोय असलेल्या परसात उन्हाळी पीक घ्या. पावसाळ्यात तो नाद करू नका. कितीतरी गावठी वाण मोठ्या दिवसांत नुसते वेल सोडतात, फुलावर येत नाहीत.

पडताळा: उरलेल्या चार-पाच ओळी किमान तीन ठिकाणी आणि दोन हंगाम लावा, एक मोरडात, एक खेरात, एक तिसऱ्याच तालुक्यात. लोहाचा क्रम सगळीकडे साधारण तसाच राहिला, तरच तो वाणाचा गुण.

टप्पा ९: टोपात तपासा

प्रत्येक ओळीचे शंभर दाणे मोजून रात्री आठ-दहा तास भिजत घाला. सकाळी न फुगलेले दगड दाणे मोजा. पाचाहून जास्त असतील तर ती ओळ लोहात कितीही पुढे असो, मी सोडते. मग एकाच टोपात, एकाच शेगडीवर, सारख्या पाण्यात उघडेच शिजवा. दर पाच मिनिटांनी वीस दाणे काढून अंगठा आणि बोटात दाबा. अठरा दाणे मऊ झाले तो वेळ लिहा. कुकरमध्ये ही चाचणी करू नका, दोन शिट्ट्यांत सगळ्यांचा फरक पुसला जातो.

हीच चाचणी पावसाळ्यानंतर पुन्हा करायची. आपल्या दमट, उबदार हवेत साठवलेले कडधान्य हळूहळू शिजायला कठीण होत जाते, आणि काही ओळी त्याला लवकर बळी पडतात. मार्चमध्ये तीस मिनिटांत शिजलेली ओळ सप्टेंबरमध्ये तासभर घेत असेल तर गृहिणी ती दुसऱ्यांदा आणणार नाही.

फिकट टरफलाच्या दाण्यात लोह अडवणारी तुरट द्रव्ये कमी असतात, तरी केवळ तेवढ्यासाठी सगळे गडद दाणे काढून टाकू नका. तीच द्रव्ये जमिनीत बियांचे बुरशीपासून रक्षण करतात. दोन्ही रंगांच्या ओळी शेवटपर्यंत न्या. शेवटी चार घरांत नंबर न सांगता तोणाक करायला द्या आणि कुणाचे टोप रिकामे झाले ते बघा.

टप्पा १०: बी जपणे आणि नोंदणी

निवडलेल्या ओळीची बीजवाढ इतर चवळीपासून पाच-दहा मीटर दूर करा, फुलोऱ्यात वेगळी रोपे उपटा. बी चांगले वाळल्यावर दाताखाली कटकन तुटते. तसे झाले की हवाबंद बरणीत काठोकाठ भरा, भुंग्याला हवा मिळता कामा नये. राख मिसळून ठेवलेले बी पेरणीला उत्तम, पण त्यातून तपासणीचा नमुना कधी काढू नका. राखेत खनिजेच असतात.

वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ खाली शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते, आणि शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणी शुल्क नाही. वाण इतरांपेक्षा वेगळे, एकसारखे आणि स्थिर आहे हे दाखवावे लागते. टप्पा ३ मधली वही, पिढ्यांची नोंद आणि मूळ बी कुठून आणले त्याची पाकिटे तिथे कामाला येतात. बी अनेक घरांतून आलेले असेल तर अर्ज एकट्याच्या नावाने न करता गटाच्या नावाने करा, आणि पंचायतीच्या जैवविविधता समितीला आधी कळवा.